बसवत नाही

"तुम्ही बागा करता ना?" असं कुणी विचारलं की ताईच्या कपाळाला आठी पडायची. "बागा माळी करतात. मी माणसं बसवते," ती म्हणायची. आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही की तिला चेवच यायचा. मग ऐका! माणूस उघड्यावर जेवायला बसतो तेव्हा त्याला पहिल्यांदा काय लागतं? जेवण? छे. पाठीला आडोसा लागतो. पाठीमागून कुणी ये-जा करत असेल तर तुम्ही त्याला काहीही वाढा, घास घशाखाली उतरत नाही. वारा अडवायला भिंत घालाल तर वारा भिंतीवरून उडी मारून बरोबर सूपच्या वाटीत येईल. झाडांचं कुंपण घाला, ते वाऱ्याला चाळून सोडतं. सावली टेबलावर नको, खुर्चीवर हवी. शेजारच्यांचं बोलणं ऐकू येऊ नये इतपतच पाणी वाजावं, आपलं बोलणं बुडेल इतकं नाही. हे सगळं जमलं की माणूस मागे टेकतो, पाय लांब करतो आणि घरी जायचं विसरतो. याला ती 'बसवणं' म्हणायची. हॉटेलांची अंगणं, गच्च्या, क्लबच्या हिरवळी, जिथं जिथं लोक आभाळाखाली जेवतात, तिथं तिथं तिनं माणसं बसवली होती.

ताई हे नाव तिला धाकट्या भावानं दिलेलं. पुढे गवंडी, माळी, गिऱ्हाइकं, सगळेच तिला ताई म्हणायला लागले. धाकटा म्हणजे घरातलं शेंडेफळ. गोड बोलून काम करून घ्यायचं त्याला लहानपणापासून जमायचं, आणि करून घेतलंय हे समोरच्याला कळायचंही नाही. त्यानं हॉटेल काढलं तेव्हा मागचं अंगण बसवायला दुसरं कोण येणार? ताईच आली. घरचं कार्य समजून आली. उन्हातान्हात उभी राहिली, दगड निवडले, वेली चढवल्या, पाण्याच्या दगडी पन्हाळीची धार हातानं लहान-मोठी करून कान लावून बसली. धाकटा चहाचे कप घेऊन मागे मागे.

त्या अंगणातला एक कोपरा मात्र तिनं गिऱ्हाइकांसाठी केलाच नव्हता. तो बाबांचा.

बाबा कंडक्टर होते. सगळं आयुष्य बसमध्ये उभं राहण्यात गेलं. "लोकांना म्हणायचं पुढे सरका, बसून घ्या, आणि आपण दांडी धरून लोंबकळायचं," असं ते स्वतःच हसून सांगायचे. आई गेल्यावर ते धाकट्याकडे, हॉटेलच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, आणि पहिले काही महिने नुसते खिडकीशी उभे असायचे. बसा म्हटलं तरी उभेच. म्हणून ताईनं कोपऱ्यात लाकडी बाक घातला, पाठीशी माणूसभर उंच दाट कुंपण, डोक्यावर वेलीचा मांडव, समोर फाटक, म्हणजे येणारा-जाणारा दिसेल. पन्हाळीची धार अगदी करंगळीएवढी ठेवली, कारण बाबांच्या दोन्ही दोस्तांना कमी ऐकू यायचं. एक घड्याळवाले काका, दुसरे मास्तर.

आणि बाबा बसले! दुपारचं जेवण झालं की खाली उतरायचे, ते दिवेलागणीलाच वर जायचे. तिघांच्या गप्पांना खळ नसायचा. बाबांचे तर बसमधले किस्से ठरलेले. फुकट्या प्रवाशांचा किस्सा ताईनं शंभरदा ऐकला असेल.

"बिनतिकिटाचा माणूस दोनच गोष्टी सांगतो," बाबा म्हणायचे. "एक तर तिकीट वाऱ्यानं उडालं, नाहीतर शेजारच्याकडे आहे."

"मग तुम्ही काय करायचात?" मास्तर कानामागे हात धरून विचारायचे. त्यांनाही पाठ होतं, तरी.

"काय करणार? वाद घालून का खोटं खरं होतं? 'बरं' म्हणायचं आणि पुढच्या सीटकडे वळायचं."

ते 'बरं' बाबा असं काही म्हणायचे, की तिघं खो खो हसायचे. त्यात राग नसायचा, टोमणा नसायचा. ऐकणाऱ्याला मात्र कळायचं, की या माणसाच्या लेखी आपण संपलो.

अंगण असं जमलं की बघायला नको. लोक यायचे आणि बसून राहायचे. त्या वेळी धाकट्यानं एकदा हसत हसत विचारलं होतं, "ताई, तू बसवतेस ते ठीक. पण नको असलेल्याला उठवायचं कसं?"

ताई तेव्हा खुशीत होती. "सोप्पंय," म्हणाली. "पाठ उघडी टाक, डोळ्यावर ऊन घे, कानाशी गडबड कर. तोंडानं एक शब्द बोलू नकोस. माणूस आपोआप उठतो, आणि आपण आपल्या मनानंच उठलो असं त्याला वाटतं."

दोघं बहीणभाऊ हसले, चहा प्याले, कप विसळायला गेले. बोलण्यातलं बोलणं ते.

पुढे ताईला लांबचं काम मिळालं. डोंगरातलं मोठं हॉटेल, सहा-सात महिने तिथंच मुक्काम. अधूनमधून धाकट्याचा फोन यायचा आणि तिला बरं वाटायचं. हॉटेल चांगलं चाललंय तरी बहिणीला विचारल्याशिवाय पान हलवत नाही म्हणजे काय! "ताई, कुंपण कमरेइतकं छाटलं तर मरेल का गं?" "मरतंय कशाला, उलट खालून दाट फुटेल." "ताई, धार मोठी केली तर रस्त्याचा आवाज झाकेल?" "झाकेल की. पण पन्हाळीजवळच्यांना एकमेकांचं ऐकू यायचं नाही, तेवढं बघ." "ताई, मधमाश्या कुठल्या फुलावर फार येतात? फाटकाबाहेर चार कुंड्या ठेवाव्यात म्हणतो." ताईनं फुलाचं नाव सांगितलं, वरून कुंड्यांना चाकं लावून घे म्हणजे हलवायला बरं, असंही सांगितलं. वर आणि माझी आठवण काढतोस रे, म्हणून गहिवरलीसुद्धा. भोळी ती भोळी!

काम आटपून ती परत आली तेव्हा बाबा खिडकीशी उभे होते.

"हे काय? खाली नाही गेलात?"

"हल्ली नाही जात," बाबा म्हणाले. "बसवत नाही."

बसवत नाही. आता म्हाताऱ्या माणसानं बसवत नाही म्हटलं की आपण काय समजतो? पाठ, कंबर, मूळव्याध. ताईनं त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला, वाकवलं, वळवलं आणि म्हणाले, मणके ठणठणीत आहेत. वयानुसार होत असेल, असंही म्हणाले. ताई मऊ उशी घेऊन आली. बाबांनी उशी हातात घेतली, थोपटली, "छान आहे" म्हणाले आणि कपाटात ठेवून दिली. घड्याळवाले काका येईनासे झाले होते. मास्तर एकदा जिना चढून वर आले, पण त्यांचे गुडघे दुखायचे, पुन्हा आले नाहीत. बाबा जेवताना बसायचे तेवढेच. ते कमी बोलायला लागले होते, आणि ताईशी बोलताना तर जरा जपूनच, पाहुण्याशी बोलावं तसे. तिला वाटलं, मी इतके महिने नव्हते, म्हणून रुसले असतील.

एका दुपारी धाकटा बाजारात गेला होता. त्याची वाट बघत ताई, परत आल्यापासून पहिल्यांदाच, अंगणात गेली आणि सहज बाबांच्या बाकावर बसली. बसली, आणि थोड्या वेळानं उभी राहिली. का उठली ते तिचं तिला कळेना. तहान नव्हती, कुणी हाक मारली नव्हती. पुन्हा बसली. पाठीमागून वाढपी ताटं घेऊन गेला, तिनं मान वळवली. दुसरा गेला, पुन्हा वळवली. डोळ्यावर ऊन आलं, ती सरकली; ऊनही तिथंच आलं. कानाशी धार अशी कोसळत होती, की वाढप्यानं काय विचारलं ते तिला दोनदा ऐकू आलं नाही. एक मधमाशी हातावर बसली, दुसरी कपाच्या काठावर. ताई पुन्हा उठली.

या वेळी मात्र ती उठली तशीच उभी राहिली, आणि तिनं बघितलं.

मागचं कुंपण कमरेइतकं छाटलेलं. डोक्यावरची वेल, फक्त या बाकावरचीच, मांडवासकट काढलेली. बाकाच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या, मधमाश्यांनी भरलेल्या. धाकटा फाटकाबाहेर ठेवतो म्हणाला होता त्या कुंड्या ह्याच. बाकीचं अंगण होतं तसंच होतं. पलीकडच्या टेबलाशी एक जोडपं पाय लांब करून घर विसरून बसलं होतं.

"ही धार कमी करा जरा," ती वाढप्याला म्हणाली. वाढपी जुना, पोक्त माणूस.

"आत्ता नाही करता यायची, ताई. मालकांनी सांगितलंय, दुपारी मोठीच ठेवायची. संध्याकाळची मंडळी आली की बारीक करतो."

"आणि या कुंड्या?"

"त्या संध्याकाळी मागे नेतो. आणि उंच झाडांच्या कुंड्या बाकाच्या पाठीशी आणून लावतो, मंडळींना आडोसा होतो." तो जरा घुटमळला. "तुम्हीच सांगितलंय ना तसं? मालक तर म्हणाले, ताईंची आयडिया."

ताईला खाली बसावंसं वाटलं. पण बसायला जागा कुठं होती?

सगळं तिचंच होतं. तिचं कुंपण, तिची धार, तिची चाकं. पाठ उघडी टाक, डोळ्यावर ऊन घे, कानाशी गडबड कर. एकेक गोष्ट तिनं आपल्या तोंडानं, कधी चहावर, कधी फोनवर, लाडालाडानं सांगितली होती. मेल्यानं बहिणीच्याच हातून बापाला उठवलं! साप मरावा आणि काठीही तुटू नये, तसं. फक्त इथं साप नव्हता, म्हातारा बाप होता, आणि काठी सख्ख्या बहिणीची होती.

धाकटा पिशव्या घेऊन कोठीत शिरला तशी ती मागोमाग शिरली आणि तिनं दार लावून घेतलं.

"बाबांना का उठवलंस?"

"मी?" धाकट्याचे डोळे मोठे झाले. "मी कुणाला उठा म्हटलं? विचार हवं तर. देवाशपथ, एका शब्दानं म्हटलं नाही."

"तेच विचारतेय. म्हणायला काय झालं होतं?"

तो पोत्यावर बसला आणि बोलायला लागला. कोपरा सगळ्यांना हवा असतो, संध्याकाळसाठी मोठमोठी मंडळी फोन करून तोच मागतात. तिघं म्हातारे एका चहावर दिवस काढतात, मोठ्यांदा बोलतात, शेजारची टेबलं तक्रार करतात. "आता बापाला उठा कसं म्हणू, ताई? जीभ झडली नसती माझी?"

"म्हणून न बोलता उठवलंस. जीभ शाबूत राहिली."

"मला वाटलं, दुसऱ्या टेबलावर बसतील."

"त्यांना वाटलं आपल्यालाच बसवत नाही! मी त्यांच्या पाठीचे फोटो काढून आले रे! डॉक्टर म्हणाले वय झालं. तू जेवायला समोर बसत होतास ना रोज? ते बसवत नाही म्हणत होते आणि तू भात कालवत होतास?"

ती रडली. रागानं रडली, आणि रडू येतंय याचाही तिला राग आला. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. पाठच्या भावानं केसानं गळा कापला तर ओरडायचं कुणाजवळ? आपलेच दात, आपलेच ओठ.

धाकट्यानं तिचे हात धरले. सगळं होतं तसं करतो म्हणाला. आजच्या आज. फक्त बाबांना सांगू नकोस. "त्यांना कळलं तर माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. आणि मग जातील कुठं? तू तर बारा महिने फिरतीवर. सांग, कुठं जातील?"

तेवढं मात्र खरं होतं. ताईनं डोळे पुसले. म्हातारपणी बापाचं घर मोडण्यापेक्षा आपण तोंड शिवलेलं बरं, असा तिनं विचार केला आणि भावाला शब्द दिला. शहाणी समजते स्वतःला, पण त्याच्या गोड बोलण्याला पुन्हा भुललीच.

मांडव तिनं स्वतः उभा केला. शेजारची वेल अलगद वळवून वर चढवली. कुंपण वाढायला वेळ लागणार, म्हणून उंच झाडांच्या कुंड्या बाकाच्या पाठीशी कायमच्या ठेवल्या आणि त्यांची चाकं काढून टाकली. फुलांच्या कुंड्या फाटकाबाहेर. धार करंगळीएवढी. मग बाकावर बसून बघितलं. उठावंसं वाटेना. घड्याळवाल्या काकांना आणि मास्तरांना तिनं स्वतः जाऊन बोलावणं केलं. दोघं आले, बसले, मास्तरांनी नेहमीसारखा कानामागे हात धरला. चहा सांगितला गेला. आता फक्त बाबा खाली यायचे होते.

ती जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

"बाबा, चला खाली. आता बसवेल बघा तुम्हाला. मी सगळं नीट केलंय."

बाबा खिडकीशीच होते. वरून अंगण पूर्ण दिसायचं. ते इतके दिवस तिची खटपट बघत असणार.

"कशाला त्रास घेतलास?" ते म्हणाले. "धंद्याच्या जागी धंदाच हवा. तू केलं होतंस तेच बरोबर होतं."

"मी काय केलं होतं?"

बाबा थोडे हसले, आणि ते हसणं तिला नको झालं. "अगं, मी आयुष्यभर माणसांना बसवलंय आणि उतरवलंय. मला कळत नाही होय? कुंपण गेलं, तेव्हा वाटलं छाटणी असेल. वेल गेली, धार वाढली, तेव्हा कळलं, आपला स्टॉप आला. मी धाकट्याला विचारलं. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, ताईनं सांगितलं तसंच केलंय सगळं."

"बाबा..."

"मलाही ते पटलं. इतक्या हळुवार उठवायचं त्याला कुठून सुचणार? तो असता तर अडखळत का होईना, तोंडावर बोलला असता. हे तुझ्या हातचं काम. शिकलेल्या हातचं." ते कपाटाकडे बघत म्हणाले, "वाईट एवढंच वाटलं की तू उशी आणलीस. डॉक्टर झाला, फोटो झाला. इतकं नाटक नको होतं, पोरी. नुसतं उठा म्हणाली असतीस तरी मी उठलो असतो."

ताई काय काय बोलणार होती! पण घशातून आलं ते एवढंच, "मी नाही केलं, बाबा. खरंच नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

तिला तो आवाज ओळखीचा होता. शंभरदा ऐकला होता, हसून हसून पोट दुखेपर्यंत. भावाला दिलेला शब्द गेला खड्ड्यात. तिनं बाबांचा दंड धरला. "त्यानं केलं. धाकट्यानं. मला फोनवर विचारून विचारून, मला न कळू देता त्यानं केलं!"

बोलताना तिचं तिलाच ऐकू आलं. वाऱ्यानं उडालं. शेजारच्याकडे आहे.

बाबांनी तिचा हात हळूच सोडवला. खालून धाकट्याची हाक आली, गोड, नेहमीसारखी, "ताई, आणतेस ना गं बाबांना? चहा गार होतोय!"

"बरं," बाबा म्हणाले, आणि खिडकीकडे वळले.